वर्गमूळावरची रेघ

उचगाव,
गुरुवार

प्रिय भद्र्या,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, वीरभद्र राजशेखर, आडनावासकट. आत मात्र भद्र्याच. गेली नऊ वर्षं तू या नावाला ओ देत नाहीस, म्हणून मीही हाक मारायची सोडून दिली होती. आता तू कळंब्याच्या जेलात आणि मी इथं घरात. पत्रातल्या हाकेला ओ द्यायची कुणावर सक्ती नसते, म्हणून मारून घेते. हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तिथले साहेब फोडून वाचतात म्हणे. वाचू देत. शेवटपर्यंत वाचलं तर बरंच होईल.

अव्वा मंगळवारी तुला, पोटच्या पोराला, भेटून आली ती तोंडाला पदर लावूनच. तुझा ओठ फाटलाय, डोळ्याखाली काळंनिळं झालंय आणि पुढचा दात हलतोय, एवढं सांगून ती स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी थापताना परातीवर असे हात आपटत होती की शेजारच्या शालूबाई बघायला आल्या. बराकीतल्या कुणीतरी तुला 'ए बहिऱ्या' म्हणून हाक मारली, तू त्याचं डोकं नळाच्या कट्ट्यावर आपटलंस आणि मग त्याच्या चौघा दोस्तांनी तुला तुडवलं, हे वकीलसाहेबांकडून कळलं. अरे, किती जणांची डोकी फोडणार आहेस तू? तिथं तरी गप बसावं माणसानं. हे मी मोठी बहीण म्हणून लिहिते आहे. खरं विचारशील तर ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बरं केलंस, आणखी दोनदा आपटायला हवं होतंस. आपण दोघं एकाच गिरणीचं पीठ खाऊन मोठे झालोय, माझं रक्त काही तुझ्यापेक्षा थंड नाही.

सहा वर्षांचा असताना तू माझ्या दंडाला चावला होतास, त्याचा व्रण अजून आहे. त्याबद्दल मी तुला गिरणीच्या पायरीवरून ढकललं आणि तुझी हनुवटी फाटली. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं तर तू म्हणालास, पाय घसरला. घरी, पळापळी केलीस म्हणून आप्पांनी वर दोन रट्टे दिले, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. मला तेव्हा तुझं फार कौतुक वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर सोयही वाटली होती. ती सोय मला फार लवकर अंगवळणी पडली.

आता कामाचं. सोमवारी आप्पा आणि वकीलसाहेब एक कागद घेऊन तुझ्याकडं येतील. त्यावर लिहिलंय की, मी नववीत असताना निवड चाचणीच्या प्रश्नपत्रिकेवर पेनानं खाडाखोड करून सरांना फसवायचा प्रयत्न केला, त्यात पकडला गेलो, तो राग मनात धरून आता सरांवर हल्ला केला, आणि या दोन्ही गोष्टींची मी विनाअट माफी मागतो. खाली तुझी सही. ती झाली तर क्लासचे विजयसिंह सर तुझ्या जामिनाला हरकत घेणार नाहीत आणि पुढं तडजोडीलाही तयार होतील. नाही झाली तर त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं मोडल्याचा खटला शेवटपर्यंत चालेल, आणि वकीलसाहेब म्हणतात की त्यात तुझी काही वर्षं जातील. हल्ल्याची माफी मागायला तू तयार आहेस. खाडाखोडीचं वाक्य आलं की तू अडतोस. दोनदा निरोप धाडलास, 'सडंन हितंच, पर त्ये लिवणार न्हाई.' आप्पा त्याला माज म्हणत होते. अव्वा म्हणते, एका रेघेसाठी पोरगं आत कशाला कुजवायचं, सही कर म्हणावं आणि घरी ये. तो कागद मला तोंडपाठ आहे, कारण सरांनी तो सांगितला आणि टाईप केला मी.

त्या रेघेत काय आहे हे अव्वाला कसं सांगायचं? तिनं उभ्या जन्मात वर्गमूळाचं चिन्ह बघितलेलं नाही. मी एकदा तिला चुलीपुढच्या पिठात बोटानं काढून दाखवलं. डावीकडं एवढीशी शेपूट, तिथून खाली उतरायचं, मग तिरकं वर चढायचं आणि आकड्यांच्या डोक्यावरून उजवीकडं आडवी रेघ ओढायची. ती रेघ जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच्या आकड्यांचं मूळ काढायचं, जे बाहेर राहिले त्यांना हात लावायचा नाही. त्या चाचणीतल्या सातव्या प्रश्नात चौसष्ट अधिक छत्तीस होते आणि रेघ दोन्हींवरून जायची होती. बेरीज शंभर, शंभराचं मूळ दहा. तुझ्या हातात आलेल्या कागदावर मात्र ती चौसष्टावरच संपली होती. चौसष्टाचं मूळ आठ, त्यात छत्तीस मिळवले की चव्वेचाळीस. तू चव्वेचाळीस लिहिलंस. तुझ्यासमोर जो कागद होता त्याचं उत्तर तेच होतं. अव्वानं सगळं ऐकलं आणि पिठावरून हात फिरवून म्हणाली, एवढ्यासाठी मारलं व्हय गं लेकराला.

कसं मारलं हे तुला ठाऊक आहे, पण मला ते एकदा माझ्या हातानं लिहायचंय. मंगळवार पेठेतल्या त्या वरच्या मजल्यावरच्या क्लासात साठ पोरं बसली होती. हुशार पोरांच्या मोफत तुकडीसाठीची ती चाचणी, आणि त्या तुकडीत तू जाणार हे सगळे धरून चालले होते. सरांनी एकेक उत्तर विचारलं. सातव्याला सगळे म्हणाले दहा, तू म्हणालास चव्वेचाळीस, पोरं हसली. तू कागद घेऊन टेबलापाशी गेलास. तुला वाटलं, सर बघतील आणि म्हणतील, छपाईत चुकलंय. सरांनी बघितलं तर सगळा पेपर छापील आणि ती एक आडवी रेघ काळ्या पेनाची. उत्तर चुकल्यावर हे कार्टं रेघ खोडून नवी ओढून आलंय, असं त्यांच्या डोक्यात बसलं. पुढच्या बाकांवरच्या पोरांचे कागद त्यांनी उचलून बघितले असते तरी एक-दोघांच्या कागदावर तसंच पेन दिसलं असतं. नाही बघितले. 'मला शिकीवतोस व्हय रं,' म्हणून त्यांनी तुझ्या डाव्या कानावर अशी लगावली की तू फळ्यावर जाऊन आदळलास. मग त्यांनी पेपर छापणाऱ्या दुकानात फोन करून विचारलं, तुम्ही पेनानं काही केलंय का. दुकानातून उत्तर आलं, नाही. मग त्यांनी फळ्यावरची लाकडी मीटरपट्टी घेतली. पाठ, दंड, पोटऱ्या. पट्टी मोडल्यावर उरलेल्या अर्ध्या तुकड्यानं. तू दोन बाकांच्या मध्ये पडलास तर कॉलर धरून उभा केला आणि परत मारला. कानातून रक्त येऊन शाळेच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर लाल झाली होती, तो शर्ट मी धुतला, म्हणून मला आठवतं.

आप्पांना बोलावलं. ते गिरणी चालू टाकून तसेच एम-एटी गाडीवरून आले, भुवयांवर पीठ. सरांनी त्यांना कागद दाखवला. आप्पांना त्या रेघेतलं काय कळणार होतं? मास्तर खोटं कशाला बोलेल, एवढंच त्यांना कळलं. घरी आणून त्यांनी तुला गिरणीच्या जुन्या पट्ट्यानं सोलून काढलं. अव्वा मधे पडली तर तिच्या मनगटावर बसला. आप्पा मारता मारता रडत होते आणि रडतोय म्हणून आणखी जोरात मारत होते. रात्रभर तू कान धरून विव्हळत होतास म्हणून अव्वानं लसणाचं तेल कढवायला सांगितलं. ते मी कढवलं आणि कोमट करून तुझ्या कानात घातलं. पंधरा दिवसांनी कानातून पू वाहायला लागला तेव्हा डॉक्टर आमच्यावर ओरडले, की पडदा फाटलेल्या कानात तेल घालतात का. कान सरांनी फोडला, नासवला आम्ही. तू त्या रात्री मला काहीच विचारलं नाहीस. मी वाट बघत होते.

कारण त्या दुकानात मी होते. आकारामकाकांचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान, पेठेतल्या निम्म्या क्लासांचे पेपर तिथंच व्हायचे. आमच्या त्या मराठी फॉन्टमध्ये वर्गमूळाची नुसती तिरकी खूण मिळायची, वरची रेघ यायची नाही. ती मी लाईन काढायच्या टूलनं वेगळी काढून आकड्यांवर बसवायची. पडद्यावर छान दिसायचं. पण प्रिंटर जुना आणि रेघ केसाएवढी, त्यामुळं दर चार-पाच प्रतींमागं एकीवर ती उमटायचीच नाही. मग स्टीलची पट्टी आणि काळं जेल पेन घेऊन मी त्या प्रतींवर हातानं रेघ ओढायची. काकांची सक्त ताकीद होती, गिऱ्हाईकाला हे सांगायचं नाही, छापील म्हणून दिलंय तर छापीलच म्हणायचं. मला त्यात काही वाटायचं नाही. माझा हात इतका साफ होता की मुद्दाम निरखून बघितल्याशिवाय कुणाला पेन कुठलं आणि छापील कुठलं ते ओळखू यायचं नाही, आणि त्याचा मला ताठा होता.

त्या दिवशी तेरा-चौदा प्रती अशा निघाल्या होत्या. एकीवर पट्टी ठेवून रेघ ओढत होते, चौसष्टापर्यंत पोचले आणि काउंटरवर कुणीतरी आधार कार्ड आपटलं, लवकर झेरॉक्स द्या म्हणून. मी उठले, झेरॉक्स काढून दिली, परत आले आणि तो कागद झाला म्हणून गठ्ठ्याखाली सारला. दुपारी सरांचा फोन आला तेव्हा काका जेवायला गेले होते, म्हणून मी उचलला. एका कार्ट्यानं पेपरवर पेनानं रेघ ओढलीय, तुमच्याकडनं तसं काही झालंय का, असं त्यांनी विचारलं. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. कुठला कागद, कुठली रेघ, कुठं थांबली. मी म्हणाले, 'नाही सर, आमच्याकडं पेन लागत नाही.' आवाज जरासुद्धा हलला नाही माझा.

काकांची भीती होती, नोकरीची होती, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. तेव्हा मला फक्त लाज वाटली होती, की माझी रेघ चुकली. दुसऱ्या दिवशी खरं सांगू म्हटलं, तर तू तापानं फणफणला होतास. मग कान वाहायला लागला. मग तू शाळा सोडलीस. प्रत्येक वेळी सांगण्यासारखी गोष्ट आदल्यापेक्षा मोठी होत गेली आणि माझं तोंड लहान होत गेलं. वर्षभरानं सरांना काकांकडून कळलं की फोनवर बोललेली मुलगी त्या पोराची सख्खी बहीण. ते स्वतः दुकानात आले, मला म्हणाले, भावासाठीसुद्धा खोटं न बोलणारी माणसं आता कुठं मिळतात, आणि त्यांनी मला क्लासच्या ऑफिसात घेतलं. मी गेले. तू जेवता जेवता ताट बाजूला सारलंस आणि म्हणालास, 'जा तू. पर त्येचं नाव ह्या घरात काढू नगंस.' आपण दोघं तेव्हापासून एकमेकांशी फक्त मीठ दे, पंखा बंद कर एवढंच बोललो.

दर जूनला सर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी वर्गमूळ शिकवतात. फळ्यावर चिन्ह काढतात, चौसष्ट अधिक छत्तीस लिहितात, मग अंगठ्यानं छत्तिसावरची रेघ पुसून गोष्ट सांगतात. उचगावचं एक कार्टं होतं, हुशार होतं पण लबाड, रेघ खोडून मला शेंडी लावायला निघालं होतं. पोरं हसतात. मग सर आवाज खाली आणून म्हणतात, आणि त्याची सख्खी बहीण, तिला विचारलं तर तिनं सख्ख्या भावालाही पाठीशी घातलं नाही, खरं तेच सांगितलं. अशी माणसं व्हा. मी ऑफिसच्या दारात उभी राहून हे आठ वेळा ऐकलंय. पहिल्या वर्षी संडासात जाऊन ओकले. पुढच्या वर्षी नुसतं पाणी प्यायले. नंतर नंतर मी त्या वेळी हजेरीपट भरत बसायची.

तू कामाला होतास त्या केरबा मिस्त्रींच्या वर्कशॉपला क्लासच्या नव्या हॉलच्या लोखंडी बाकांचं काम मीच मिळवून दिलं. तुला काम मिळेल म्हणून. सकाळी साडेआठपर्यंत बाक बसवून तुम्ही निघाल, तास नऊचा, असा माझा हिशेब. तुमचा टेंपो उशिरा आला आणि सर म्हणाले, मागच्या दोन रांगा राहू देत, ही मंडळी बोल्ट आवळत बसतील, मी तास सुरू करतो. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पोटात दुखतंय म्हणून आडवी पडले असते तरी तास पुढं गेला असता. मी दारात उभी राहिले. तू शेवटच्या बाकाखाली बसून पान्ह्यानं बोल्ट आवळत होतास आणि उजवा कान फळ्याकडं होता. उचगावचं कार्टं म्हटल्यावर तुझा हात थांबला. बहिणीचं आलं तेव्हा तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. मी नजर खाली घातली, आणि तेवढ्यातून तुला कळायचं ते कळलं.

तू उठलास तो माझ्याकडंच येणार असं मला वाटलं. तू फळ्याकडं गेलास. सरांचा तळहात अजून फळ्यावर होता, अंगठ्याखाली पुसलेली रेघ. तू पान्हा त्या बोटांवर घातलास. खडू तुटावा तसा आवाज आला. सर ओरडून खाली बसले, तर तू हात ओढून टेबलावर ठेवलास आणि परत मारलंस, परत, आणि परत. रक्त फळ्याच्या कडेवरून खाली आलं. पोरं किंचाळत बाकांवरून उड्या मारत होती, तुम्ही न आवळलेला एक बाक उलटून एका मुलीच्या पायावर पडला. केरबा मिस्त्रींनी तुला मागून मिठी मारली तेव्हा तू सरांना म्हणत होतास, 'बग की आता. नीट बग. म्या काय खोडलंय?' मी जागची हलले नाही. लोक म्हणतात, बिचारी घाबरली. मी घाबरले नव्हते रे. मला वाटत होतं तू थांबू नयेस. आणि त्याच वेळी वाटत होतं, की थांबलास तर आता माझी पाळी. पान्हा घेऊन तू खरं तर माझ्याकडं यायला पाहिजे होतास.

पोलिसांना दिलेल्या जबाबात तू माझं नाव घेतलं नाहीस. वकीलसाहेबांनी मला तो वाचून दाखवला. सगळं आहे त्यात, फळा, पान्हा, नऊ वर्षांपूर्वीचा मार. दुकान नाही, बहीण नाही. हनुवटी फुटली तेव्हा केलंस तसंच केलंस.

मागच्या शनिवारी सरांनी तो माफीचा कागद सांगायला मला घरी बोलावलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात, बोटांत सळया. मी टाईप केला, वाचून दाखवला, आणि ऑफिसात जाऊन प्रिंट काढते म्हणून उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. त्यांच्या टेबलावरची पट्टी घेतली, कोऱ्या कागदावर वर्गमूळाची खूण काढली, त्याखाली चौसष्ट अधिक छत्तीस लिहिलं आणि वरची रेघ चौसष्टापर्यंत ओढून थांबवली. मी म्हणाले, ही मी ओढली होती. फोनवर मी खोटं बोलले. सरांनी तो कागद जवळ ओढून निरखला. मग डाव्या हाताशी असलेला पाण्याचा स्टीलचा तांब्या त्यांनी मला फेकून मारला. भुवई फाटली, पाच टाके पडले. डॉक्टरांना मी पाय घसरला असं सांगितलं नाही.

रक्त पुसायला सरांच्या बायकोनं टॉवेल आणून दिला. सर तोवर गार झाले होते. म्हणाले, 'ही गोष्ट ह्या खोलीच्या भायेर जायची न्हाई. एवढी वर्सं मी पोरास्नी काय सांगितलं मग? त्याची सही आण, मी मोकळं करतो त्याला. भाऊ सुटतोय की तुझा, आनी काय पायजे तुला?' आणि बाहेर बोललीस तर ह्या जन्मात तडजोड करणार नाही, हेही सांगितलं. मी त्यांच्या समोर ऑफिसच्या किल्ल्या ठेवल्या आणि निघाले. क्लासमध्ये त्या दिवसानंतर गेलेली नाही.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते पूजेवरून नुकतेच उठले होते, कपाळावरची विभूती ओली. मला वाटलं, पट्टा काढतील. मी पाठ करून उभीसुद्धा राहिले. ते तसेच गिरणीत गेले, मोटर चालू केली आणि जात्यात दाणा न घालता तशीच फिरवत बसले, दगडावर दगड घासून ठिणग्या उडाल्या तरी उठेनात. अव्वानं जाऊन बटण बंद केलं. बाहेर आल्यावर म्हणाले, 'त्येला सांगू नगंस. आदी सही करू दे, घरी येऊ दे, मग काय सांगायचं त्ये सांग.' अव्वा पण तेच म्हणाली. सगळ्यांना तू घरी हवा आहेस. मलाही हवा आहेस. पण खोट्यावर सही करून तू बाहेर यावंस आणि आम्ही सगळे गप्प बसून तुला वाढावं, हे मला जमायचं नाही.

म्हणून हे सोमवारच्या आत तुला मिळावं अशी धडपड करते आहे. काल मी वकीलसाहेबांसमोर लिहून दिलंय की रेघ मी ओढली आणि फोनवर खोटं मी बोलले. तू काय ठरवतोस ते कळेपर्यंत तो कागद त्यांच्याकडंच राहील. खटला चालला तर कोर्टात उभी राहून तेच सांगेन, त्यानं तुझी शिक्षा कमी होईल की नाही याची खात्री ते देत नाहीत. सही करायची असेल तर कर आणि बाहेर ये, मी तुला नावं ठेवणार नाही. नसेल करायची तर नको करूस. फक्त ठाऊक असून काय ते कर. आता एक उरलंय, जे मी सरांना, आप्पांना, वकिलांना, कुणालाच सांगितलेलं नाही, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र आहे. त्या दुपारी मी नाही म्हणाले तेव्हा सरांनी फोन बंद केला नाही. तसाच टेबलावर टाकला असावा. मला पट्टीचा आवाज ऐकू आला. तीन-चारदा आला. मग तुझा आवाज आला. तू रडत नव्हतास, समजावून सांगत होतास. 'सर, माज्या अक्काला इचारा. ती त्याच दुकानात हाय. ती खोटं न्हाई बोलत.' तू ते दोनदा म्हणालास, मारण्याच्या भरात सरांनी कानावर घेतलं नाही. मी नुसती मोठ्यानं ओरडले असते तरी सरांना ऐकू गेलं असतं. मी फोन बंद केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, किती प्रती.

तुझीच,
अक्का